नागपूरचा उन्हाळा व बिनतारी विद्या

नागपूर म्हटलें कीं घाटावरच्या मंडळींस दोनच गोष्टी आठवतात, हिवाळ्यांतलीं संत्रीं आणि उन्हाळ्यांतलें ऊन. शहाणा प्रवासी पहिलीकरितां जातो आणि दुसरी चुकवितो. आम्ही मात्र गेल्या मे महिन्यांत, पारा ४५ अंशांकडे झुकलेला असतांना, वाईहून तेथें गेलों व चांगले पंधरा दिवस राहिलों.

निमित्त घरगुती होतें. आमचे थोरले बंधु नोकरीकरितां नागपुरास गेले ते तेथलेच झाले. त्यांच्या माघारीं वहिनी, पुतणे, सुना व नातवंडें अशा तीन पिढ्या धरमपेठेंतील एकाच घरांत नांदत आहेत. पुतण्याच्या धाकट्या कन्येनें अकरावीची परीक्षा आटोपतांच दहा दिवसांच्या एका शिक्षणवर्गांत नांव घातलें होतें. "आजोबा, तुम्हीच चला सोबत," असें म्हणून तिनें ने-आण करण्याचें काम आमच्या गळ्यांत घातलें. चालकांनीं मागच्या बांकावर बसण्यास परवानगी दिली, म्हणून तो वर्ग आम्हांस अथपासून इतिपर्यंत पाहतां आला. विषय असा कीं, तारेवांचून एकमेकांशीं बोलणारीं लहान लहान यंत्रें जुळवावयाचीं, त्यांच्यासाठीं आज्ञा लिहावयाच्या, आणि त्यांचा कारभार मोबाईलवरील ॲपमधून चालवावयाचा. ह्या विद्येस 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' म्हणतात. मुलांच्या तोंडीं तिचें नांव 'आयओटी'.

आतां प्रथम गांवाची रचना सांगितली पाहिजे, कारण पुढील हकीकत तिच्यावर अवलंबून आहे. सीताबर्डीहून मेट्रो लोकमान्यनगराच्या दिशेनें निघाली कीं धरमपेठ मागें पडल्यावर अंबाझरीचा विस्तीर्ण तलाव दृष्टीस पडतो. पूर्वीं शहरास पाणी पुरविणारा हा तलाव शहराच्या पश्चिमेस, उंचावर आहे. जिच्यावरून नागपुरास नांव मिळालें ती नाग नदी त्याच्या सांडव्याचें पाणी घेऊन वस्तीमधून पूर्वेकडे जाते. उन्हाळ्यांत ही नदी कोणाच्या खिजगणतींतहि नसते. परंतु २३ सप्टेंबर २०२३ रोजीं, लोक गाढ झोपेंत असतांना, अवघ्या कांहीं तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. तलाव ओसंडला, नदी पात्राबाहेर आली, आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट वगैरे भागांतील घरांत पाणी शिरलें. कित्येकांस नावांतून बाहेर काढावें लागलें; कांहीं माणसें प्राणांस मुकलीं. आमच्या पुतण्याचें घर उंचावर असल्यामुळें वांचलें. पण त्या पहांटेच्या गोष्टी अजूनहि तेथें घरोघर निघतात.

ह्याच तलावाच्या शेजारीं विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचें आवार आहे. १९६० सालीं ही संस्था प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून निघाली व २००२ सालीं तिला हल्लींचा दर्जा मिळाला. (आम्हीं पाहिलेला वर्ग ह्या संस्थेचा नव्हे, हें येथेंच सांगून ठेवतों.) जिच्या कपाळीं ज्यांचें नांव आहे ते सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या जन्मानें म्हैसूरकडचे, परंतु स्थापत्याचें शिक्षण त्यांनीं पुण्यास घेतलें व उमेदीचीं वर्षें मुंबई इलाख्याच्या सेवेंत घालविलीं. १९०३ सालीं खडकवासल्याच्या धरणावर त्यांनीं योजिलेलीं स्वयंचलित द्वारें बसलीं. पाणी ठराविक रेषेवर चढलें कीं तीं आपोआप उघडत, आणि उतरलें कीं आपोआप मिटत. ना वीज, ना संगणक; पण पाण्यानें कळवावें, दारानें ऐकावें, मध्यें माणसाची झोंप किंवा जाग आड येऊं नये, हें सूत्र तेंच. मुलें आज जी विद्या नवी म्हणून शिकतात तिचा हा पूर्वज आपल्याच प्रांतांत सव्वाशे वर्षांमागें होऊन गेला आहे.

वर्ग एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भरे. दोन्ही खिडक्यांत खसाच्या ताट्यांचे मोठे कूलर. त्यांच्या घरघरीवर आवाज चढवून शिक्षक बोलत. विद्यार्थी तीस, त्यांत बारा मुली. प्रत्येकापुढें बिस्किटाएवढा एक बोर्ड, भोंकाभोंकांची पांढरी पट्टी जिला ब्रेडबोर्ड म्हणतात ती, रंगीत तारा, आणि लॅपटॉप. बोर्डावर 'ईएसपी-३२' नांवाची चिप होती. शांघाय येथील कारखानदारांनीं ती २०१६ सालीं बाजारांत आणली. गणित करण्याची शक्ति, वायफाय व ब्लूटूथ हीं तिन्हीं तिच्या पोटांतच आहेत, आणि बोर्डासकट किंमत कांहीं शें रुपये. आज्ञा लिहिण्याचें साधन 'आर्डुइनो' हें. इटलींतील इव्हरेया गांवीं २००५ सालीं विद्यार्थ्यांच्या सोयीकरितां तें जन्मास आलें, व तें फुकट मिळतें.

शिक्षक विदर्भांतलेच, तरुण अभियंते. त्यांनीं पहिल्या दिवशीं जें सांगितलें तें आमच्यासारख्या जुन्या संस्कृतज्ञास ओळखीचें वाटलें. सेन्सर म्हणजे यंत्राचें ज्ञानेंद्रिय: कोणी उष्णता जाणतो, कोणी ओल, कोणी अंतर. पंप, दिवा, घंटा चालविणारे रिले व मोटर हीं कर्मेंद्रियें. दोहोंमध्यें बोर्ड हें मन, आणि आज्ञांची लिखित मालिका, जिला मुलें 'कोड' म्हणतात, ती त्या मनाची शिकवण. ह्या शिकवणुकीचें व्याकरणहि आपल्या परिचयाचें आहे. आधीं उत्सर्ग, म्हणजे सामान्य नियम, मग अपवाद, आणि दोहोंचा विरोध आल्यास बलवान् कोण, हें आधींच ठरवून ठेवावयाचें. एक विराम चुकला कीं यंत्र अडून बसतें, व तें कोणाची भीड धरीत नाहीं.

तारेवांचून निरोप जातो ह्याचें मुलांस कांहींच वाटेना. म्हणून शिक्षकांनीं जगदीशचंद्र बोस ह्यांची गोष्ट सांगितली. १८९५ सालीं कलकत्त्यास त्यांनीं भिंतींपलीकडे विद्युल्लहरी पाठवून घंटा वाजविली व दारू पेटविली. वायफायच्या लहरी त्याच जातीच्या. सेकंदास सुमारें २४० कोटि कंपनें. दूर घंटा वाजविणें हें मुलांचेंहि पहिलेंच काम होतें, आणि ती वाजली तेव्हां बोस कोण हें त्यांना समजलें.

सहाव्या दिवसापासून प्रत्येक चौकडीनें आपल्या गांवाच्या गरजेचें एक यंत्र करावें असें ठरलें. कोणीं कूलरच्या टाकींतलें पाणी संपतांच पंप बंद करण्याचें घेतलें. काटोलकडच्या दोघां भावांनीं संत्र्याच्या बागेची ओल मोजण्याचें घेतलें. बागेंत वायफाय कोठून असणार? म्हणून त्यांना थोड्या शक्तींत कित्येक किलोमीटर जाणारी 'लोरा' नांवाची दुसरी बिनतारी पद्धति शिकावी लागली. आमच्या नातीच्या चौकडीनें पाण्याची पातळी कळविणारें यंत्र घेतलें. कां घेतलें हें त्यांना कोणीं विचारलें नाहीं.

युक्ति साधी आहे. सेन्सर पाण्याच्या वर टांगावयाचा. तो सेकंदास ४०,००० कंपनांचा, आपल्या कानांस न ऐकूं येणारा ध्वनि खालीं सोडतो. प्रतिध्वनि परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर निघतें. पुस्तकांत ध्वनीची गति सेकंदास ३४३ मीटर दिलेली असते. मुलांनीं तीच लिहिली. सकाळीं कूलरच्या गारव्यांत, टेबलावर हातभर अंतर मोजलें तें बरोबर आलें. दुपारीं दोन वाजतां कठड्यावरून खालच्या हौदाकडे सेन्सर रोखला. टेपनें अंतर बरोबर तीन मीटर; यंत्र मात्र दोन मीटर सत्त्याऐंशी सेंटिमीटरच सांगे. म्हणजे पाणी आहे त्याहून अर्ध्या वितेवर चढलेलें!

"हौदांत कुणी पाणी सोडलं कां?" नात ओरडली. कोणीं सोडलें नव्हतें. तारा तपासल्या, बोर्ड बदलला, सेन्सरहि बदलला, उत्तर तेंच. शिक्षकांस कारण ठाऊक असावें, पण ते एवढेंच म्हणाले, "दर दोन तासांनीं मोजा, आणि शेजारीं थर्मामीटर ठेवा." मुलांनीं संध्याकाळपर्यंत वहींत आंकडे टिपले, व दुसऱ्या दिवशीं पहांटे पुनः मोजलें. आंकडे समोर मांडतांच उलगडा झाला. ३४३ ही गति वीस अंशांवरची. हवा तापते तशी ती अंशागणिक सुमारें ०.६ मीटरनें वाढते, आणि नागपूरच्या ४५ अंशांत ३५८ च्या वर जाते. पुस्तक खोटें नव्हतें, यंत्रहि खोटें नव्हतें. पण पुस्तक नागपूरच्या दुपारीसाठीं लिहिलेलें नव्हतें. मुलांनीं उष्णतेचा सेन्सर जोडला व अपवादाचें सूत्र स्वतः लिहिलें. हा एक धडा फळ्यावर सांगितला असता तर पांच मिनिटांत संपला असता, आणि परीक्षेनंतर विसरला गेला असता.

पुढें निरोप पोंचविण्याचा प्रश्न आला. त्याकरितां 'एमक्यूटीटी' नांवाची रीति आहे. दूरवरच्या तेलवाहिन्यांची खबर उपग्रहामार्फत थोडक्यांत मिळावी म्हणून ती १९९९ सालीं निघाली. तिची मांडणी मासिकासारखीच: यंत्र लेखक, मधला संगणक संपादक, आणि ज्या मोबाईलनें त्या विषयाची वर्गणी भरली असेल त्यालाच अंक पोंचणार. तिच्यांत 'मृत्युपत्रा'चीहि सोय आहे. यंत्र अचानक बंद पडलें तर "मी गेलों" हा त्यानें आधींच लिहून ठेवलेला निरोप मधला संगणक सर्वांस धाडतो. म्हणजे मौन हीहि बातमीच ठरते. मोबाईलवरचें ॲप मुलांनीं ठोकळ्याला ठोकळा जोडून आज्ञा लिहिण्याच्या 'ॲप इन्व्हेंटर' ह्या साधनानें केलें, व त्यांतील सर्व शब्द मराठींत ठेवले.

इतकें जमल्यावर शिक्षकांनीं एकच प्रश्न विचारला: "रात्रीचे दोन वाजले आहेत, मुसळधार पाऊस आहे, वीज गेली आहे. आतां?" वर्गांत शांतता पसरली. वीज गेली कीं वायफाय गेलें, आणि वायफाय गेलें कीं सारा खटाटोप व्यर्थ. मग बॅटरी आली. ती पुरावी म्हणून बोर्डाला निजविण्याची युक्ति आली. सामान्यतः त्यानें पाव तासांत एकदां जागें व्हावें, पाणी चढूं लागतांच मिनिटामिनिटास. वायफाय नसेल तर सिमकार्डाच्या वाटेनें साधा संदेश जावा, ही दुसरी तजवीज झाली.

राहिलेली उणीव घरीं निघाली. रात्रीं जेवतांना नातीनें यंत्राची सारी कथा सांगितली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आमच्या वहिनी शांतपणें म्हणाल्या, "पोरी, तुझा तो मोबाईल माझ्याजवळ नाहीं, आणि रात्रीं मी कानांतलं यंत्र काढून ठेवतें. मला कसं कळायचं?" दुसऱ्या दिवशीं चौकडीनें ॲपचा रंग ठरविण्याचें काम बाजूस सारलें, आणि घरांत मोठ्यानें घणघणणारी व उशाखालीं थरथरणारी अशी घंटा जोडली. डाख लावतांना नातीच्या बोटास चटका बसला. सूनबाई थोड्या रागावल्या, पण "मुलीच्या जातीला हें कशाला" असें त्या घरांत कोणीं म्हटलें नाहीं, हें येथें आवर्जून नमूद करतों.

ह्यावरून दहा दिवसांत पुराचा बंदोबस्त झाला असें कोणीं समजूं नये. हौदावरचें यंत्र म्हणजे तलावावरचें नव्हे. तेथें पाणलोटांतील पावसाचें मापन हवें, भोंगा हवा, आणि मुख्य म्हणजे कोळिष्टकें पुसणारा, बॅटरी बदलणारा, वर्षानुवर्षें लक्ष ठेवणारा माणूस हवा. शिक्षकांनींहि हें लपविलें नाहीं. एक गोष्ट मात्र आम्हांस खटकली. शेवटच्या दिवशीं कित्येक पालक प्रमाणपत्र घेण्यास आले. चौकशी केली ती एवढीच कीं ह्याचा नोकरीला उपयोग किती. यंत्र काय करतें हें पाहण्यास दहा जणहि थांबले नाहींत. चांगली शिकलेलीं मुलें पुण्यास, बंगळुरास, परदेशीं जातात, जावोत. परंतु ज्या गांवानें त्यांना ऊन कसें मोजावें हें शिकविलें त्या गांवच्या नदीकडे पाहणारें कोणीतरी मागें उरलें पाहिजे, आणि तें उरणें घरच्यांनीं त्या कामास काय किंमत दिली ह्यावर पुष्कळसें अवलंबून आहे.

आपल्या घरांत पाठांतराला मान आहे, तो असावा. आम्हीं स्वतः चाळीस वर्षें पाठांतर करून घेतलें. त्याच्या शेजारीं हाताच्या कामाला थोडी जागा द्यावी. वाचकांच्या घरीं ह्या वयाचा मुलगा किंवा मुलगी असेल तर अशा वर्गाचा तपास करावा, आणि घरांतल्या वडील माणसांनीं एक दिवस तरी मागच्या बांकावर जाऊन बसावें. गच्चीवरच्या टाकींतलें पाणी किती, एवढ्याच प्रश्नापासून आरंभ झाला तरी पुरे आहे. मूल आंकडा सांगेल, तेव्हां काठी बुडवून तो पडताळून पाहावा, आणि दोहोंत अंतर पडलें तर उत्तर न सांगतां त्याच्या हातीं वही व थर्मामीटर द्यावा, इतकी विनंति करून हा लेख पुरा करतों.