कासवाचं ऑपरेशन

आमच्या रूममध्ये सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे माझ्या लॅपटॉपचं बटण दाबणं. बटण दाबायचं, ब्रश घेऊन बाथरूमच्या लाइनीत उभं राहायचं, अंघोळ उरकायची, मेसमध्ये जाऊन पोहे खायचे आणि परत यायचं. तोपर्यंत स्क्रीनवरचं ते गोल चक्र फिरायचं थांबलेलं असेल, तर दिवस चांगला जाणार असं समजायचं! रूम पार्टनरने त्याचं नाव 'कासव' ठेवलं होतं. पण गोष्टीतलं कासव निदान शर्यत जिंकतं. आमचं कासव सबमिशनच्या आदल्या रात्री हमखास झोपायचं.

हा लॅपटॉप मूळचा ताईचा. बाबांनी २०१५ मध्ये तिला डिग्रीला घेऊन दिलेला. पाचव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. ताई नोकरीला लागली, तिला कंपनीने नवा लॅपटॉप दिला आणि हा वारसाहक्काने माझ्याकडे आला. घरात धाकट्याला शर्ट जसे मिळतात, तसाच.

मग १४ ऑक्टोबर २०२५ उजाडला. त्या दिवशी विंडोज १० ची मुदत संपली. मुदत संपली म्हणजे लॅपटॉप बंद पडला असं नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळायच्या थांबल्या. विंडोज ११ टाकावं म्हटलं, तर त्याला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. आमचं कासव दोन्हींत नापास! वर्षभराची वाढीव मुदत मिळवायची सोय होती म्हणा, पण ते म्हणजे व्हायवाची तारीख पुढे ढकलण्यासारखं. अभ्यास काही त्याने होत नाही.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा बोलता बोलता हे सगळं बाबांच्या कानावर घातलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नवीन केवढ्याला येतो?" मी म्हटलं, "बरा घ्यायचा तर पन्नास हजार." "बघू. पतसंस्थेत विचारतो."

यंदा पावसाने सोयाबीनचं काय झालं होतं ते मला माहीत होतं. तरी मी गप्प बसलो, आणि ते गप्प बसणं परतीच्या एसटीत मला फार टोचलं. हॉस्टेलवर उतरल्या उतरल्या बाबांना फोन केला, "पतसंस्थेत जाऊ नका. मी बघतो काहीतरी."

आता बघतो म्हणजे काय, ते मलाही माहीत नव्हतं!

वरच्या मजल्यावर एक सीनियर आहे. सगळ्या हॉस्टेलचे बिघडलेले लॅपटॉप त्याच्याकडे जातात म्हणून त्याला 'डॉक्टर' म्हणतात. त्याने कासव चालू केलं, टास्क मॅनेजर उघडला आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. डिस्क १०० टक्के. प्रोसेसर मात्र निवांत, १५ टक्क्यांवर.

"तुझं कासव म्हातारं नाही रे. त्याच्या पायात बेडी आहे," डॉक्टर म्हणाला. "मेकॅनिकलचा ना तू? मग हिशोब कर. डिस्क मिनिटाला ५४०० फेरे मारते. एका फेऱ्याला किती वेळ?"

मी केला. सेकंदाला ९० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबायचं, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. शिवाय हेड त्या ट्रॅकवर सरकायला आणखी वेळ. सगळं मिळून सेकंदाला शंभरेक खेपासुद्धा कठीण. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नाही, त्यामुळे तिथे हजारो खेपा होतात. त्यात आमची रॅम ४ जीबी. रॅम म्हणजे वर्कशॉपमधलं बेंच आणि डिस्क म्हणजे स्टोअर रूम. बेंच लहान असलं की प्रत्येक जॉबला हत्यारं स्टोअरमध्ये ठेवून दुसरी आणायची. ब्राउझर आणि वर्ड एकदम उघडलं की आमच्या कासवाची हीच धावपळ चालायची. तीन वर्षं मी त्याला शिव्या घालत होतो, आणि दोष एका फिरत्या चकतीचा!

ठरलं. ५०० जीबीची एसएसडी, ८ जीबीची आणखी एक रॅम आणि विंडोजच्या जागी लिनक्स. मेसचे आणि खिशातले वाचवलेले, थोडे रूम पार्टनरकडून उसने, असे पाच हजारांच्या आसपास जमवले.

शनिवारी दुपारी ऑपरेशन सुरू झालं. बॅटरी काढली, मागचं झाकण उघडलं. आत दहा वर्षांची धूळ! स्क्रू ठेवायला मेसमधून वाटी आणली होती. रॅम बसवायला सोपी. तिरकी घालायची, दाबायची, दोन्ही बाजूच्या क्लिपा 'टक्' वाजतात. बसवली, बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळी. पुन्हा दाबलं, पुन्हा काळी. माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टरने रॅम काढून तिच्यावरचं लेबल वाचलं आणि कपाळावर हात मारला. दुकानदाराने डीडीआर३ दिली होती. आम्हाला हवी होती डीडीआर३एल. दिसायला दोघी जुळ्या बहिणी, त्याच खाचेत बसतात. पण एक १.५ व्होल्टवर चालते आणि दुसरी १.३५ वर, आणि पाचव्या पिढीच्या या प्रोसेसरला १.३५ वालीच लागते. एका 'एल'साठी पुन्हा बाजारात एक चक्कर! (दुकानदाराने बदलून दिली, हे त्याच्या पदरात टाकलं पाहिजे.)

मग जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवली. जुनी डिस्क बाहेरच्या केसिंगमध्ये घालून यूएसबीला जोडून ठेवली, म्हणजे लिनक्स टाकून झालं की लगेच फाइली ओढून घेता येतील. शेवटी वाटीत एक स्क्रू उरला. तो कुठला, हे आजतागायत कळलेलं नाही.

लिनक्सबद्दल मला आधी वाटायचं, की ते कॉम्प्युटरवाल्यांचं काम. पण १९९१ मध्ये ते लिहायला घेणारा लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा विद्यार्थीच होता. आपल्या स्वतःच्या पीसीसाठी, छंद म्हणून त्याने सुरुवात केली. आम्ही निवडलं लिनक्स मिंट. पेनड्राइव्हवरून ते काहीही इन्स्टॉल न करता चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, ब्राइटनेस, सगळं तपासलं. वायफाय दिसेना, तेव्हा मोबाइल केबलने जोडून त्याच्या नेटवरून ड्रायव्हर घेतला. सगळं ठीक.

डॉक्टरला जेवायला जायचं होतं. जाता जाता त्याने विचारलं, "बॅकअप घेतलास ना?"

मी म्हटलं, "हो."

घेतला नव्हता. कासवावर बॅकअप घ्यायचा म्हणजे अख्खी रात्र, आणि जुनी डिस्क तर समोरच आहे, तिला कोण हात लावतंय? असा माझा विचार.

इन्स्टॉलरने विचारलं, कुठली डिस्क पुसायची? यादीत दोन नावं होती, दोन्ही ५०० जीबीच्या. पुढे कंपनीचं नाव आणि मॉडेल स्पष्ट लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही. एक निवडली आणि 'पुढे', 'पुढे' करत गेलो, जसे आपण सगळेच करतो. अर्ध्या तासाने मिंट तयार झालं. रीस्टार्ट केलं आणि बघतो तर तेच कासव! तसंच रेंगाळणारं. इतक्यात टेबलावरच्या केसिंगमधून तो ओळखीचा आवाज आला... कर्र... कर्र...

मी जुन्या डिस्कवर लिनक्स टाकलं होतं.

माझ्या फाइलींचं फारसं काही नव्हतं. जर्नल, असाइनमेंट, सिनेमे. पण त्या डिस्कवर 'आजी' नावाचा एक फोल्डर होता. २०१६ च्या दिवाळीत ताईने मोबाइलवर आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. पुण्याच्या संशोधकांनी गावोगावी फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या जमवून ठेवल्यात, पण आमच्या आजीच्या आवाजातल्या फक्त त्या फोल्डरमध्ये होत्या. आजी २०१९ मध्ये गेली. तो मोबाइल त्याच्याही आधी गेला. लॅपटॉप मला देताना ताईने एवढंच सांगितलं होतं, "बाकी काहीही उडव. तेवढं सांभाळ."

डॉक्टर जेवून आला. मी काही बोलायच्या आधीच त्याला चेहऱ्यावरून कळलं. तो ओरडला नाही. त्याने लॅपटॉप बंद केला, केबल उपटली आणि म्हणाला, "आता या डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही."

मग त्याने समजावून सांगितलं ते हॉस्टेलच्या भाषेत. डिस्क पुसली म्हणजे ऑफिसमधलं रजिस्टर फाडलं. कोण कुठल्या खोलीत राहतो याची नोंद गेली, पण पोरं अजून खोल्यांतच आहेत. नवीन ॲडमिशन येऊन ज्या खोल्या बळकावतील, तिथल्यांना मात्र बाहेर काढलं जाईल. मिंटने थोड्या खोल्या घेतल्यात. बाकीच्यांत अजून कुणी घुसलेलं नाही.

त्या रात्री आधी नव्या एसएसडीवर मिंट टाकलं. या वेळी मॉडेलचं नाव मी मोठ्याने वाचलं! मग फोटोरेक नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम जुन्या डिस्कवर सोडला. तो रजिस्टर शोधतच नाही. प्रत्येक खोलीचं दार वाजवतो आणि आतल्याच्या तोंडवळ्यावरून ठरवतो, हा फोटो, हे गाणं, ही पीडीएफ. त्यामुळे फाइली मिळतात, पण त्यांची नावं मिळत नाहीत. रात्रभर ते चाललं. सकाळी एसएसडीवर हजारो फाइली होत्या, प्रत्येकीला नाव म्हणून नुसता लांबलचक आकडा.

आवाजाच्या फाइली वेगळ्या काढल्या. साडेसातशेच्या वर निघाल्या. इअरफोन लावून एकेक ऐकायला बसलो. रिंगटोन, लावण्या, लेक्चर, ताईच्या मैत्रिणींचा दंगा, पुन्हा रिंगटोन. रविवार गेला. सोमवारी दोन लेक्चर बुडवली (सर, माफ करा). संध्याकाळी एका फाइलमध्ये आधी नुसती घरघर ऐकू आली. वाटलं, खराब आहे. पुढची लावणार एवढ्यात कुणीतरी खोकलं आणि म्हणालं, "झालं का गं चालू?"

ती घरघर जात्याची होती.

मी काय केलं ते इथे लिहीत नाही. रूम पार्टनर पंखा बंद करून शेजारी येऊन बसला, एवढं सांगतो.

एकूण नऊ सापडल्या. त्यातली एक अर्ध्यात तुटते. मग ताईला फोन केला आणि सगळं खरं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अकरा होत्या." आणखी थोड्या वेळाने म्हणाली, "नऊ पाठव. आत्ता पाठव." उरलेल्या दोन कुठे आहेत ते मला माहीत आहे. ज्या खोल्या मिंटने घेतल्या, त्यांत त्या होत्या.

गंमत अशी, की त्या नऊ वाचल्या त्या जुन्या डिस्कमुळे. डॉक्टर म्हणाला, हेच एसएसडीवर झालं असतं तर बहुधा काहीच मिळालं नसतं. तिथे ट्रिम नावाची पद्धत असते. नोंद खोडली की डिस्क स्वतःच खोल्या रिकाम्या करून टाकते. म्हणजे जिला मी बेडी म्हणत होतो, तिच्याच आळशीपणाने आजीला सांभाळलं.

आता कासव वीस-बावीस सेकंदांत उठतं. पोहे खायला निवांत वेळ मिळतो. सगळंच गोड आहे असं मात्र नाही. सॉलिडवर्क्स आणि ऑटोकॅड लिनक्सवर थेट चालत नाहीत, त्यासाठी मी लॅबमध्ये जातो. ड्रॉइंगचा सराव फ्रीकॅडवर करतो. सायलॅब आणि ओपनफोम मात्र झकास चालतात. ज्यांना भीती वाटते त्यांनी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघावेत, लिनक्सचे धडे मराठीतसुद्धा आहेत. बाबांना पतसंस्थेत जावं लागलं नाही, याचं समाधान सगळ्यात मोठं.

तेव्हा मित्रांनो, लॅपटॉप हळू झाला म्हणून लगेच घरी फोन करू नका. आधी टास्क मॅनेजर उघडा आणि कोण अडतंय ते बघा. रॅम घेताना लेबल वाचा. पण स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी तुमच्या डिस्कवरचा तो एक फोल्डर शोधा. प्रत्येकाच्या डिस्कवर एक असतोच. त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक घरी ठेवा. रॅम बाजारात मिळते, डिस्क मिळते, लिनक्स तर फुकट मिळतं.

आणि कुणी विचारलं, "बॅकअप घेतलास ना?" तर खरं सांगा.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी