हेमलकशाची शाळा

नागपूरहून चंद्रपूरकडे येणाऱ्या बहुतेक यात्रेकरूंचा प्रवास भद्रावतीच्या पार्श्वनाथ मंदिराशी संपतो. दर्शन, भोजन आणि विश्रांती झाली की गाडी परतीच्या वाटेला लागते. मात्र जो प्रवासी तसाच पुढे जातो, त्याला चंद्रपूरची धुरांडी आणि बल्लारपूरचा कागद कारखाना मागे पडताच निराळ्या मुलखाची चाहूल लागते. गोंडपिपरीनंतर आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा सुरू होतो. हा जिल्हा १९८२ सालापर्यंत चंद्रपूरचाच भाग होता. आलापल्लीचे सागवानी अरण्य संपत नाही तोच भामरागडचा रस्ता लागतो आणि साठ-पासष्ट किलोमीटर दाट जंगलातून गेल्यावर, भामरागडच्या अलीकडे तीन किलोमीटरवर, हेमलकसा येते. पुढे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम आहे आणि इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड.

या आडवळणी गावात एक आश्रमशाळा आहे. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी, परीक्षा आटोपून, तेथील मोठ्या वर्गांतील मुलेमुली शाळेचा निरोप घेतात. निरोपाचा प्रसंग कोणत्याही शाळेत हळवाच असतो. परंतु येथील मुले मागे वळून पाहतात, तेव्हा त्यांना केवळ बालपण दिसत नाही. आपल्या समाजाने दोन पिढ्यांत चाललेली वाट दिसते. ती वाट समजून घ्यायची, तर पन्नास वर्षे मागे जावे लागेल.

२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी येथे ‘लोकबिरादरी प्रकल्प’ सुरू केला. नागपूरला शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर शिक्षण घेणारे त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश आमटे आणि त्यांच्या पत्नी, भूलतज्ज्ञ डॉ. मंदाकिनी, येथे येऊन राहिले. रस्ता नव्हता, वीज नव्हती. पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आले की हा भाग कित्येक महिने जगापासून तुटलेला असे. भोवतालच्या गावांत माडिया गोंड राहत. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींची नोंद विशेष दुर्बल आदिवासी गट म्हणून झाली आहे, त्यांपैकी ही एक. प्रथम लोक दवाखान्यात यावयास भीत. मग एकेक रोगी बरा होऊन घरी गेला आणि विश्वास वाढला.

औषधाने ताप उतरे. पण आठवडी बाजारात होणारी लूट औषधाने थांबणार नव्हती. जंगलातील चारोळी वेचून, फोडून, वाळवून माडिया माणूस बाजारात आणी आणि तिच्या मोबदल्यात तितकेच मीठ घेऊन घरी जाई. मीठ त्याच्या रानात पिकत नव्हते, म्हणून ते त्याला मोलाचे वाटे. चारोळीचा शहरातील भाव त्याला ठाऊक नव्हता. तराजूच्या काट्याचा अर्थ कळत नव्हता आणि कागदावर अंगठा उमटवताना त्यावर काय लिहिले आहे, हे विचारण्याची सोय नव्हती. व्यापार करणाऱ्या घरांना हे निराळे सांगावे लागत नाही की, ज्या सौद्यात एकाच पक्षाला भाव कळतो, त्याला सौदा म्हणत नाहीत. दवाखान्यापाठोपाठ १९७६ साली येथे शाळा सुरू झाली, तिच्यामागे ही निकड होती.

शाळा उघडली, पण मुले कोठे होती? कार्यकर्त्यांना गावोगाव पायी हिंडून ती मिळवावी लागली. आईबापांचा प्रश्न सरळ होता : मूल शाळेत गेले, तर गुरे कोणी राखायची, धाकट्या भावंडाला कोणी सांभाळायचे? जी मुले आली, त्यांतील काही पळून गेली. रानवाटा आणि ओढे तुडवीत ती आपल्या गावी पोहोचत आणि शिक्षकांना त्यांना समजावून परत आणण्यासाठी तितकेच चालावे लागे.

सर्वांत मोठी अडचण भाषेची होती. घरी माडिया आणि पुस्तकात मराठी. माडिया बोलीला स्वतःची लिपी नाही आणि मराठीशी तिचे नातेही नाही. ती द्रविड कुळातील आहे. पुण्याच्या मुलाला पहिल्याच दिवशी तेलुगू पुस्तक हाती द्यावे, तशीच ही गत. म्हणून येथे शिक्षकांनाच आधी विद्यार्थी व्हावे लागले. ते माडिया शिकले, त्या बोलीतून मुलांशी बोलले आणि मग हळूहळू मराठीपर्यंत त्यांना घेऊन आले.

आज या शाळेत सहाशेहून अधिक मुलेमुली राहून शिकतात. शाळा सोडणाऱ्या मुलाच्या आठवणींत पहिली असते ती घरापासून दूर आल्याची. सहा-सात वर्षांचे पोर, न कळणारी भाषा आणि रात्री झोपताना आठवणारी आई. मग वसतिगृहातील भातावरणाची पंगत, पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी नदी, खो-खोचे मैदान आणि शाळेशेजारील प्राणी-अनाथालय.

त्या अनाथालयाची कथाही याच मातीतील आहे. शिकार ही माडियांची भूक होती, शौक नव्हे. डॉ. आमटे यांनी एकदा शिकारीहून परतणाऱ्या माणसांजवळ मारलेली माकडीण आणि तिला बिलगलेले जिवंत पिल्लू पाहिले. पिल्लू त्यांनी मागून घेतले. पुढे लोकांना सांगण्यात आले की, आई मारली गेलीच, तर पिल्लू आमच्याकडे आणा. मोबदल्यात धान्य वा कपडे न्या. बिबटे, अस्वले, हरणे अशी कितीतरी अनाथ पिल्ले येथे वाढली. ज्यांच्या घरी धनुष्यबाण भिंतीला टांगलेला असे, त्या घरांतील मुले या पिल्लांच्या शेजारी अक्षरे गिरवीत मोठी झाली. येथे कोणी उपदेश केला नाही. आधी भुकेची सोय पाहिली गेली आणि करुणेला तिच्या मागून जागा मिळाली.

या शाळेतून बाहेर पडलेल्यांत डॉ. कन्ना मडावी आहेत. माडिया समाजातून वैद्यकीय शिक्षण पूर्ण करणारे ते पहिले. लालसू नोगोटी हे या समाजातील पहिले वकील. २०१७ साली ते गडचिरोली जिल्हा परिषदेवर निवडून आले. कोणी शिक्षक झाले, कोणी वनरक्षक, कोणी पोलीस. आमटे दांपत्याची मुलेही याच शाळेत माडिया मुलांच्या मांडीला मांडी लावून शिकली. डॉ. दिगंत आणि अभियंता अनिकेत उच्च शिक्षणानंतर हेमलकशालाच परतले. आपल्या मुलांसाठी निराळी शाळा न शोधणे, ही त्या आईबापांनी या शाळेला दिलेली सर्वांत मोठी ठेव म्हणावी लागेल. २००८ साली मिळालेला मॅगसेसे पुरस्कार त्यानंतरचा.

अर्थात प्रत्येक मूल डॉक्टर वा वकील होत नाही. काही दहावीत अडखळतात, काही मधूनच घरी जातात. शिकलेल्या तरुणासमोरही प्रश्न उभे असतात. सशस्त्र चळवळ आणि पोलीस यांच्या मधे हा मुलूख कित्येक दशके भरडला गेला. आता शेजारच्या एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आलापल्लीच्या रस्त्यावरून धावतात. खाणीतील रोजगार हवा, की डोंगर हवा, हा वाद घराघरांत आहे. शाळा या प्रश्नांची उत्तरे देत नाही. मात्र समोर आलेला कागद वाचून मगच ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याचे बळ ती देते.

त्या बळाची किंमत काय, हे कायद्यातील बदलांमुळे अधिक स्पष्ट झाले. वनहक्क कायदा २००६ साली झाला. गडचिरोली जिल्ह्याच्याच उत्तर भागातील, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गावाला २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली त्या गावाने आपला बांबू स्वतः विकला. २०१४ साली राज्याने पेसा कायद्याचे नियम केले. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना तेंदूपाने आणि बांबू यांवर अधिकार मिळाला. तेव्हापासून या जिल्ह्यातील कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. निविदा वाचावी लागते, करारातील अटी तपासाव्या लागतात, पुड्यांची मोजणी ठेवावी लागते, बँकेत खाते सांभाळावे लागते आणि मजुरी वाटून उरलेल्या रकमेचा हिशेब सभेसमोर मांडावा लागतो. अधिकार कायद्याने येतो. खतावणी मात्र लिहिता-वाचता येणाऱ्या हातानेच भरावी लागते. तो हात गावातच असेल, तर बाहेरच्या मुनिमावर विसंबावे लागत नाही.

मे महिन्यात तेंदूच्या हंगामात शाळा बंद असते आणि मुले घरी पाने वेचतात. एखादी दहावी झालेली मुलगी संध्याकाळी फडीवर आईच्या पुड्यांची वही तपासते, तेव्हा कंत्राटदाराचा माणूसही आकडा जपून सांगतो. तिच्या आजीने चारोळीच्या बदल्यात मीठ घेतले असेल. आजी आणि नात यांच्यामधील अंतर कोणी किलोमीटरमध्ये मोजू नये.

हेमलकशाला जावयाचे, तर हिवाळा उत्तम. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता आजही बंद पडतो. दिवाळीची सुटी टाळून, शाळा भरलेली असताना जावे. प्रकल्पाला आधी कळवावे. मुलांची छायाचित्रे विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि परतीच्या वाटेवर भामरागड वा आलापल्लीच्या बाजारात चारोळी दिसली, तर जरूर घ्यावी. विकणारी बाई बहुधा भाव स्वतः सांगेल. तो रास्त असेल, तर घासाघीस न करता द्यावा.