अंडाशयाच्या कर्करोगात गाठीची जनुके काय सांगतात

अंडाशयाचा कर्करोग या एका नावाखाली निदान पाच वेगळे आजार येतात. सर्वांत जास्त आढळतो तो ‘हाय-ग्रेड सीरस’ प्रकार, आणि या कर्करोगाने होणारे बहुतेक मृत्यू त्याचेच असतात. नाव अंडाशयाचे असले तरी त्याची सुरुवात पुष्कळदा अंडवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी होते. ‘लो-ग्रेड सीरस’ प्रकारात केआरएएस किंवा बीआरएएफ या जनुकांत बिघाड सापडतो. तो सावकाश वाढतो, पण केमोला फारशी दाद देत नाही. ‘क्लिअर सेल’ प्रकारात एआरआयडी१ए हे जनुक अनेकदा निकामी झालेले असते. ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ या पाचांत बसत नाही. प्रौढ स्त्रियांमधल्या अशा जवळजवळ प्रत्येक गाठीत एफओएक्सएल२ या जनुकातले एकच अक्षर, तेही त्याच जागचे, बदललेले असते, हे २००९ मध्ये उघड झाले. ही गाठ दहा-पंधरा वर्षे शांत राहून पुन्हा उलटू शकते. त्यामुळे ते एक अक्षर सापडले की रुग्णाला किती वर्षे तपासणीला बोलवत राहायचे, याचेही उत्तर मिळते.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे ४७ हजार स्त्रियांना हा आजार झाला आणि सुमारे ३३ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. या दोन आकड्यांतले अंतर इतके कमी असण्याचे कारण उशिरा होणारे निदान. पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, लघवीला वारंवार जावे लागणे या तक्रारी ‘गॅसेस’ म्हणून काही महिने अंगावर काढल्या जातात. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठची बाई असो की मालेगाव-येवल्याची, ती नाशिकच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचते तेव्हा बहुधा आजार पोटभर पसरलेला असतो. त्या अवस्थेत नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘पुढे काय?’ त्याचे उत्तर पूर्वी फक्त आजाराची पायरी, गाठीचा प्रकार आणि शस्त्रक्रियेनंतर मागे राहिलेला अंश यांवरून दिले जाई. आता त्यात गाठीच्या जनुकांची भर पडली आहे.

ही जनुके वाचली जातात ती मेणाच्या एका लहानशा ठोकळ्यातून. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये बुडवतात, मग प्लास्टिकच्या कॅसेटमध्ये ठेवून पॅराफिनमध्ये पक्का करतात. पॅथॉलॉजीत याला नुसते ‘ब्लॉक’ म्हणतात. त्यातून चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर चढवतात आणि गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवतात. पॅथॉलॉजिस्ट ती काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, गाठीच्या पेशी जिथे दाट असतील तिथे पेनने गोल काढतो, आणि न रंगवलेल्या कापावरची तेवढीच जागा खरवडून तिच्यातला डीएनए वेगळा केला जातो. या गोलाला फार महत्त्व आहे. आत निरोगी पेशींची भेसळ जास्त झाली तर बिघाड असूनही अहवाल कोरा येऊ शकतो. तुकडा फॉर्मेलिनमध्ये गरजेपेक्षा जास्त दिवस पडून राहिला तर डीएनएचे बारीक तुकडे होतात आणि महागड्या यंत्रालाही ते नीट वाचता येत नाहीत. जनुकचाचणीचा दर्जा शस्त्रक्रियागृहातल्या बरणीपासूनच ठरू लागतो, ही गोष्ट अजून पुरेशी बोलली जात नाही.

अशा चाचण्यांसाठी नाशिककरांना परगावी पाहावे लागते असेही नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत दातार कॅन्सर जेनेटिक्सची प्रयोगशाळा आहे. रक्तात फिरणाऱ्या गाठीच्या पेशी पकडण्याच्या तिच्या कामातून तयार झालेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या चाचणीला अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला. अंडाशयाच्या बाबतीत मात्र आजचा भरवशाचा पुरावा ब्लॉकमधून आणि रुग्णाच्या जन्मजात डीएनएतूनच मिळतो.

२०११ मध्ये अमेरिकेच्या ‘कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास’ प्रकल्पाने हाय-ग्रेड सीरस प्रकारच्या ४८९ गाठींचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यांतल्या ज्या ३१६ गाठींची जनुके अक्षर न् अक्षर वाचली गेली, त्यांपैकी ९६ टक्के गाठींत टीपी५३ हे जनुक बिघडलेले होते. निदान पक्के करायला हे उपयोगी आहे, पण जे जवळजवळ प्रत्येक गाठीत आहे त्यावरून कोणाचे बरे होईल आणि कोणाचे नाही हे सांगता येत नाही. भाकितासाठी उपयोगी पडली ती दुसरी नोंद. साधारण निम्म्या गाठींमध्ये डीएनए दुरुस्त करण्याची एक यंत्रणा मोडलेली होती.

डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले की निरोगी पेशी शेजारची चांगली प्रत समोर ठेवून तुटलेला भाग पुन्हा लिहून काढते. या कामात ब्राका-१ आणि ब्राका-२ ही जनुके लागतात. ब्राका-१ चा शोध १९९४ मध्ये लागला, ब्राका-२ चा १९९५ मध्ये. ती निकामी झाली की पेशी अंदाजाने टाके घालते, चुका साचत जातात आणि कर्करोग होतो. पण हाच दोष पुढे गाठीच्या मुळावर येतो. सिस्प्लॅटिन, कार्बोप्लॅटिन ही केमोतली प्लॅटिनमची औषधे डीएनए जखडून टाकतात, तो तुटतो, आणि ज्या पेशीला दुरुस्ती येत नाही ती मरते. आजार देणाऱ्या बिघाडानेच उपचाराला वाट करून द्यावी, असे कर्करोगशास्त्रात क्वचितच घडते.

आकडेही हेच सांगतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३,८७९ रुग्णांच्या एकत्रित अभ्यासात पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ब्राका ठीक असलेल्यांत ३६ टक्के, ब्राका-१ बिघडलेल्यांत ४४ टक्के आणि ब्राका-२ बिघडलेल्यांत ५२ टक्के होते. नंतरच्या अभ्यासांत, अधिक वर्षे गेल्यावर, ब्राका-१ चा हा फायदा ओसरताना दिसला. पण तोवर ओलापॅरिबसारखी ‘पार्प’ रोधक औषधे आली होती. ती दुरुस्तीची आणखी एक वाट बंद करतात. ओलापॅरिबच्या गोळीच्या ‘सोलो-१’ या चाचणीत ब्राका बिघडलेल्या आणि केमोला दाद दिलेल्या ३९१ स्त्रिया होत्या. तीन वर्षांनी आजार न वाढता जगणाऱ्यांचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत ६० टक्के, तर न घेणाऱ्यांत २७ टक्के होते. सात वर्षांनी गोळीच्या गटातल्या ६७ टक्के आणि दुसऱ्या गटातल्या ४६.५ टक्के स्त्रिया हयात होत्या. पसरलेल्या अंडाशयाच्या कर्करोगात एवढा फरक पूर्वी पाहायला मिळत नव्हता.

ब्राका ठीक असूनही दुरुस्ती मोडलेली असू शकते. ती ओळखण्यासाठी ‘एचआरडी’ चाचणी करतात. तिच्यात गुणसूत्रांवर साचलेले व्रण मोजून गुण देतात, आणि एका प्रचलित चाचणीत ४२ किंवा अधिक गुण म्हणजे दुरुस्ती मोडलेली, असे धरतात. मात्र व्रण जुन्या जखमेची खूण असते, आजची जखम तिच्यावरून कळत नाही. उपचारांच्या माऱ्यात काही पेशींमध्ये ब्राका जनुकात दुसरा बदल होऊन ते पुन्हा कामाला लागते. २००८ मध्ये हे दाखवले गेले. अशा वेळी एचआरडीचे गुण तेवढेच राहतात, पण औषध चालेनासे होते. आजार उलटल्यावर जुन्या अहवालावर विसंबू नये, ते यासाठी.

याच्या दुसऱ्या टोकाला सीसीएनई१ हे जनुक आहे. काही गाठींत त्याच्या अनेक प्रती तयार झालेल्या असतात. अशा गाठींत ब्राका बहुधा शाबूत असते, प्लॅटिनमचा परिणाम टिकत नाही आणि भवितव्य तुलनेने वाईट असते. ज्या गाठींची दुरुस्ती शाबूत आहे त्यांना पार्प औषधांचा फायदा अल्प होतो. रक्तक्षय, थकवा आणि खर्च मात्र पूर्ण सोसावा लागतो. म्हणून ‘दोष नाही’ असा अहवालही वाया जात नाही, त्याने एक महाग आणि फारसा उपयोग नसलेली वाट टळते.

हे सारे आकडे गटांचे आहेत. ५२ टक्क्यांत समोरची बाई येते की नाही, हे कोणताही अहवाल सांगत नाही. शिवाय शस्त्रक्रियेत डोळ्यांना दिसणारी गाठ पूर्ण निघाली का, या प्रश्नाचे वजन जनुकांनी कमी झालेले नाही. चांगली जनुके आणि अर्धवट शस्त्रक्रिया यांची बेरीज चांगली येत नाही.

शेवटचा भाग कुटुंबाचा. ब्राकातला बिघाड कधी फक्त गाठीत असतो, कधी जन्मापासून सगळ्या पेशींत. भारतातल्या अनेक केंद्रांनी मिळून २३९ रुग्णांवर केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे पाचव्या हिश्शाच्या स्त्रियांमध्ये तो जन्मजात आढळला. अशा बाईच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. ब्राका-१ चा दोष असलेल्या स्त्रीला वयाच्या ८० वर्षांपर्यंत अंडाशयाचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे ४४ टक्के असतो, ब्राका-२ मध्ये सुमारे १७ टक्के. मुले झाल्यावर, ब्राका-१ मध्ये साधारण ३५ ते ४० आणि ब्राका-२ मध्ये ४० ते ४५ या वयात अंडाशय आणि अंडवाहिन्या काढून टाकल्या तर हा धोका फार मोठ्या प्रमाणात कमी होतो.

घराण्याचा इतिहास विचारताना घरचे लोक आई, मावशी, आजी यांच्यापाशीच थांबतात. बिघाड वडिलांकडूनही येतो, त्यामुळे आत्या आणि वडिलांची आई यांच्याबद्दलही विचारावे लागते. जुन्या पिढीत ‘कर्करोग’ हा शब्द सापडेलच असे नाही. ‘पोटात पाणी होऊन गेली’ एवढेच सांगितले जाते, आणि त्या पाण्यामागे हाच आजार असू शकतो.

अमेरिकेच्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० पासून अंडाशयाच्या एपिथेलियल कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाला, वय आणि कुटुंबाचा इतिहास न पाहता, निदानाच्या वेळीच ब्राका चाचणी द्यावी असे सांगितले आहे. आपल्याकडेही हीच रीत हवी. आजार उलटेपर्यंत थांबले तर पहिल्या केमोनंतर लगेच गोळी सुरू करण्याची, म्हणजे सर्वाधिक फायद्याची, वेळ निघून गेलेली असते. घरातली कोणी या आजारातून गेली किंवा जात असेल, तर तिच्या फाइलमध्ये ब्राकाचा अहवाल आहे का ते पाहावे. नसेल तर डॉक्टरांना विचारावे आणि ब्लॉक कुठे ठेवला आहे याची चौकशी करावी. ती हयात नसली तरी जपून ठेवलेल्या ब्लॉकमधून पुष्कळदा चाचणी करता येते, आणि तिच्या मुलींना व भाच्यांना त्या चाचणीचा उपयोग होतो.