चंदीची वेळ

घोड्याचे जठर देहाच्या मानाने लहान, 8 ते 15 लिटरचे. त्यात आम्ल सतत पाझरत राहते, पोटात काही असो वा नसो. वैरण चघळताना सुटणारी लाळ ते आम्ल निववते. म्हणून तासन् तास रिकाम्या गव्हाणीपुढे उभे राहणे घोड्याला जाचते. शिवाय त्याला ओकता येत नाही. पोटशूळ उठला की तो मान वळवून कुशीकडे पाहतो, पुढच्या खुराने जमीन उकरतो, लोळण घेतो.

दिवसाकाठी वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण हा आहाराचा पाया. 400 किलोच्या घोड्याला 6 ते 8 किलो, तीही थोडी थोडी करून. हरभऱ्याची चंदी त्यानंतर, दोन-तीन वेळांत वाटून. वेळ झाली की तोबरा दिसण्याआधीच घोडा कान टवकारतो.

लोणावळ्यात ही वेळ मोडते ती शनिवार-रविवारी. सवारीला गिऱ्हाईक लागले की दुपारची चंदी मागे पडते आणि संध्याकाळी दुप्पट घालण्याचा मोह होतो. तो आवरलाच पाहिजे. न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन आंबते. त्यातून शूळ होतो, खुरांना सूजही येते. पर्यटक कौतुकाने कणसे भरवतात, तेही थांबवावे.

मावळात खरी कसोटी पावसाळ्याची. भाताचा पेंढा इथे मुबलक, पण त्यात कस कमी. ओल लागली की बुरशी धरते. चांगली वैरण उन्हाळ्यातच भरून पुरवून वापरावी लागते. या पुरवठ्याच्या हिशेबावर मराठीत एक अजोड पत्र आहे. शिवाजी महाराजांनी ते चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिले. पागेसाठी दाणा-वैरण साठवली होती. ती मनास येईल तशी उधळली तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे महाराज बजावतात. मग लोक कुणब्यांकडून दाणा, भाकरी, गवत, भाजीपाला ओढू लागतील आणि रयतेला मोगल परवडले असे वाटेल. पत्र इथेच थांबत नाही. गवताच्या गंजीजवळ कोणी चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, रात्री दिवा जळता राहील आणि उंदीर त्याची पेटती वात पळवून नेईल, इथवर राजाची नजर जाते. वैरण जळाली तर घोडा वाचणार नाही, हे त्यांना दिसत होते. राज्यकारभाराचे इतके जिवंत गद्य विरळा.

पावसाने डोंगर हिरवे झाले तरी कोरडी वैरण एकदम बंद करू नये. कोवळ्या गवतात पाणी फार, आणि आतड्यातल्या जिवाणूंना नव्या खाद्याची सवय व्हायला 7 ते 10 दिवस लागतात. पहिल्या दिवशी थोडा वेळच चरू द्यावे, मग रोज चराई वाढवत जुनी वैरण कमी करावी.