सव्वातीन मिनिटे

पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर धावावे लागते. पुरे २० गुण हवेत तर २ मिनिटे ५० सेकंदांच्या आत पोचले पाहिजे. वस्तीतल्या आम्ही चौघी पहाटे पाचला मैदानावर असायचो. दोन महिन्यांत वेळ चार मिनिटांवरून सव्वातीनवर आली आणि तिथेच अडली.

महिना गेला, सेकंद हलेना. मग हट्टाने संध्याकाळीही धावू लागलो. एकीची नडगी सुजली, दुसरीची झोप उडाली. वेळ उलट वाढली. घरी लग्नाचा विषय निघू लागला तो वेगळाच.

एका रविवारी विहारात वंदनेनंतर सोण भिक्खूची कथा झाली. चंक्रमण करून करून त्याचे पाय रक्ताळले, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेच्या तारांची आठवण दिली. फार ताणली तरी बेसूर, सैल सोडली तरी बेसूर. सोण गृहस्थपणी वीणा वाजवत असे. आम्ही एकमेकींकडे पाहून हसलो. आमची तार तुटायलाच आली होती!

अंगवळणी पडलेल्या कामाने शरीर पुढे सरकत नाही आणि ताकद विश्रांतीत भरते, हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. रोजचे तेच ८०० मीटर बंद केले. आठवड्यात दोन दिवस २०० मीटरच्या सहा जोरदार फेऱ्या, मध्ये चालणे. एक दिवस सावकाश लांब धाव. दोन दिवस बैठका आणि गोळाफेक. रविवारी सुट्टी.

पाचव्या आठवड्यात ३ मिनिटे ४ सेकंद. काल २ मिनिटे ५६. नडगीवाली अजून सव्वातीनवरच आहे. तिच्या जोडीने आमच्यातली एकजण रोज मागे राहून धावते.