जिन्यातल्या दिव्याचं बीजगणित

पवईला एम.टेक.ला येऊन जेमतेम सहा आठवडे झालेत आणि मी दिसेल त्याला गाठून एकच गोष्ट सांगत सुटलेय. मेसच्या रांगेत, लॅबमध्ये, तलावाकाठी. रूममेट तर आता इयरफोन घालूनच खोलीत येते. पण सांगू नको तर काय करू?

झालं असं, की आपल्याला प्रबंध लिहायचाय म्हणजे नक्की केवढं लिहायचंय, या धास्तीने मी एक जुना प्रबंध उघडला. एमआयटीतला, १९३७ सालचा, क्लॉड शॅनन नावाच्या मुलाचा. मुलगाच म्हणायचं, वय २१! डॉक्टरेटचा नव्हे, मास्टर्सचाच. सत्तरेक पानं. दोन पानं चाळून झोपायचं ठरवलं होतं, झोपले पहाटे.

हा मुलगा तिथे व्हॅनिव्हर बुश यांचं एक अवाढव्य गणनयंत्र सांभाळायचा. यंत्राच्या नियंत्रणात रिलेंची गर्दी. रिले म्हणजे चुंबकाने लागणारा-सुटणारा स्विच. टेलिफोन एक्स्चेंजं तेव्हा त्यांच्यावरच चालत. स्विचांचं मंडल, म्हणजे सर्किट, जुळवायचं ते अनुभवाने आणि अंदाजाने. शॅननने मिशिगनला शिकताना तर्कशास्त्रात जॉर्ज बूलचं बीजगणित पाहिलेलं. बूलचं पुस्तक १८५४चं, विषय माणसाच्या विचाराचे नियम, विजेचा संबंधच नाही! आणि याला दिसलं, की विधान खरं किंवा खोटं, तसाच स्विच उघडा किंवा बंद. म्हणजे स्विचांची समीकरणं मांडता येतील, सोडवता येतील, आणि समीकरणातून एखादं पद गळलं की मंडलातला तेवढा स्विच काढून ठेवायचा. कागदावर! पक्कड हातात न घेता!

(गंमत म्हणजे त्याच्याकडे चालू मंडल ० आणि तुटलेलं १. आपल्या पुस्तकांच्या बरोब्बर उलटं. मी अर्धा तास डोकं धरून बसले होते.)

पदवीच्या चार वर्षांत हेच बुलियन बीजगणित मी दहा मार्कांसाठी घोकलंय. के-मॅप नावाच्या तक्त्यातल्या चौकोनांभोवती गोल काढायचे, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या, संपलं. ते जिन्यात असतं हे कुणी सांगितलंच नाही!

हो, जिन्यात. आमचे अण्णा वायरमन. कराडातल्या कितीतरी घरांतलं जिन्याचं वायरिंग त्यांच्या हातचं, आणि सुट्टीत टेस्टर घेऊन मागे मी. खाली एक टू-वे स्विच, वर एक. कुठूनही लावा, कुठूनही घालवा. नीट बघा: दोन स्विचांचं पटलं नाही तर दिवा, पटलं तर अंधार. आता दोनच अंकांच्या पद्धतीत बेरीज करा. ० आणि १ मिळवले की १. १ आणि १ मिळवले की १०, म्हणजे एककाच्या घरात शून्य. पटलं तर शून्य, नाही पटलं तर एक! जिन्यातला दिवा एककाची बेरीज करतोय! हातचा तेवढा वेगळा धरायचा, तो दोन स्विच एकामागोमाग जोडले की मिळतो. आणि शॅननच्या प्रबंधात शेवटाकडे अगदी हेच आहे, रिलेंनी द्विमान बेरीज करणारं मंडल. शेजारी विजेचं कुलूपसुद्धा.

मग मला चढलीच. तीन मजल्यांवरून एकच दिवा लावायचा तर? रात्री दोनपर्यंत समीकरणं लिहिली, खोडली, लिहिली. जमलं! सकाळी सात वाजता अण्णांना फोन. बूल, शॅनन, एमआयटी, सगळं एका दमात सांगितलं आणि विचारलं, "आता सांगा, तीन ठिकाणांहून कसं कराल?"

"मधे इंटरमीडिएट टाकायचा," अण्णा म्हणाले. "चार मजले असले तर दोन टाकायचे. नाश्ता केलास का?"