थंड वाऱ्याची साक्ष

ग्वाल्हेरची जानेवारीतली पहाट म्हणजे धुक्याचेच राज्य. अशा एका पहाटे वृद्ध मातोश्रींना दतियाच्या पीतांबरा पीठी दर्शनास नेण्यासाठी मी मोटार बाहेर काढली. हीटर लावला, तो आतून गारठलेला वारा! आई शाल लपेटून म्हणाली, “असू दे रे, देवीच्या वाटेवर थोडे सोसावेच.” मी मात्र मनातल्या मनात मिस्त्रीवर आरोपपत्र ठेवले, गेल्याच महिन्यात त्याने गाडी तपासली होती. लष्कर ओलांडण्यापूर्वीच गाडी वळवून त्याच्या दारी नेली आणि चार कठोर शब्द ऐकविले.

त्याने शांतपणे पुरावा तपासला. पंखा चालतो, म्हणजे विजेचा दोष नाही. तापमापकाचा काटा नेहमीच्या जागी, म्हणजे थर्मोस्टॅट उघडा अडकलेला नाही. हीटरला स्वतःची आग नसते. इंजिनाचे तापलेले पाणी आतल्या लहान रेडिएटरमधून फिरते, त्याचीच ऊब पंखा आपल्याला देतो. ते पाणीच तेथवर पोहोचत नसावे. इंजिन निवेपर्यंत त्याने झाकणास हात लावू दिला नाही; दाबाखालचे पाणी उसळून भाजते. झाकण उघडले, तो पातळी खोल गेलेली आणि नळीच्या पट्ट्यापाशी गळती.

पंधरा दिवस अंगणात पडलेले हिरवट थेंब मीच पाहिले होते, आणि मीच दुर्लक्षिले होते. तसेच पुढे गेलो असतो, तर भर धुक्यात इंजिन तापून आईसह रस्त्यावर खोळंबलो असतो. मी मिस्त्रीची क्षमा मागितली. दुपारी दर्शन घडले. देवीपुढे हात जोडताना प्रथम आठवला तो त्याचा शांत चेहरा.